सोंगाड्याची वही आणि आपला स्वाभिमान

(तालुक्याच्या गावी तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. वाचकांच्या सोयीसाठी काही मुद्द्यांचा विस्तार केला आहे.)



आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे, तो वरकरणी हलका वाटण्याचा संभव आहे. शिक्षण, जमीन, नोकऱ्या आणि अत्याचार हे प्रश्न दारात उभे असताना विनोदाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, समाज कोणाला हसतो यावरून तो कोणाला माणूस समजतो हे कळते. म्हणून हा विषय करमणुकीचा नसून हक्काचा आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे कसा आला तेही सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या गावचे काही तरुण माझ्या घरी आले. यात्रेत जुना तमाशा जुन्या थाटात उभा करावा, असा त्यांचा बेत आहे. माझे आजोबा एका फडात एकोणीस वर्षे सोंगाड्या होते आणि त्यांच्या बतावण्यांची एक वही माझ्याजवळ आहे, हे गावाला ठाऊक आहे. ती वही त्यांना हवी होती. "जसे लिहिले आहे तसेच करू, एक अक्षर गाळणार नाही. हा आपला वारसा आहे. आणि आता कोण मनाला लावून घेतो?" असे त्यांतील एकजण म्हणाला. आलेल्या मंडळींत आपल्या समाजाचेही दोघे होते आणि त्यांनीही मान डोलावली. मी वही लगेच दिली नाही, नकारही दिला नाही. विचारास वेळ मागून घेतला. त्या विचाराचे फलित मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

वहीत काय आहे?

तमाशाची रचना आपणांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. प्रथम गण, मग गौळण, त्यानंतर बतावणी, लावणी आणि शेवटी वग. गौळणीत पुरुषच लुगडे नेसून मावशी होई आणि पेंद्याबरोबर तिची जुगलबंदी चाले. बतावणीत दोघे-तिघे गडी शब्दाला शब्द लावून लोकांना हसवीत. वगात राजा, प्रधान, कोतवाल यांच्या गोष्टीत सोंगाड्या मधूनच घुसे आणि गोष्टीचे धागे स्वतःच्या हातात घेई. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीवर हे रात्रभर चाले. ही कला प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी या समाजांनी जगविली. पाहणारा मात्र सगळा गाव असे, आणि तो आपापल्या जातीच्या जागी बसून पाही.

आजोबांच्या वहीत दोन प्रकारचा विनोद आहे. एका प्रकारात सोंगाड्या हवालदार होतो आणि राजाच्याच तोंडावर राज्याचा हिशेब मांडतो. शेतसारा किती, त्यातला खजिन्यात गेला किती आणि वाटेत मुरला किती, हे तो बोटांवर मोजून दाखवितो. त्या वेळी समोर बसलेला पाटील हसे; न हसून सांगणार कोणाला? ज्या माणसाला वर्षभर चावडीच्या पायरीवर चढता येत नसे, तो त्या एका रात्री चावडीचे माप काढी. दादू इंदुरीकरांनी 'गाढवाचं लग्न' मध्ये सावळ्या कुंभार उभा केला, किंवा वसंत सबनीसांच्या १९६५ सालच्या 'विच्छा माझी पुरी करा' या नाटकात शिपाईगड्यांनी राजाच्या कारभाराची रेवडी उडविली, त्यामागे हीच परंपरा आहे. ती आपण लाजेने लपवावी असे तीत काही नाही.

दुसरा प्रकार निराळा आहे. वहीच्या शेवटच्या तीन पानांवर एक बतावणी आहे. तीत एक महार येतो. तो कमरेत वाकून जोहार घालतो. त्याला शब्द नीट उच्चारता येत नाहीत, त्याला शिळ्या भाकरीचा मोह सुटत नाही, त्याला लाथ बसते आणि लाथ बसल्यावर तो आभार मानतो. प्रत्येक लाथेला हशा, असे कंसात लिहिलेले आहे. ही बतावणी रचणारा महार होता, करणारा महार होता आणि मार खाणारे पात्रही महार होते. मी आजोबांना एकदा विचारले होते, "आबा, आपली माणसं हे बघून काय करायची?" ते म्हणाले, "हसायची. म्होरल्या रांगेत हसू सुरू झालं की मागं पोचायचंच. न हसून कसं चालंल? कोण हसत न्हाई, ते म्होरले बघायचे."

बंधूंनो, या वाक्यावर मी अनेक वर्षे विचार केला आहे. जे हसू न हसल्याबद्दल जाब द्यावा लागतो, ते हसू नव्हे. ती वेठ आहे.

अश्लीलता की अपमान?

तमाशाच्या विनोदावर आक्षेप नव्हते असे नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, तरी संहिता आधी तपासून घेण्याची अट आली आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची कात्री आली. परंतु त्या सर्व चर्चेचा रोख होता अश्लीलतेवर. शृंगाराचा शब्द कोठे सैल झाला, मावशीच्या बोलण्याला दुसरा अर्थ कोठे निघतो, हे पाहिले गेले. माणसाला जातीवरून कोठे तुडविले आहे, हे पाहण्याची दृष्टी त्या चर्चेत फारशी नव्हती. सभ्य समाजाला सोंगाड्याच्या तोंडचा द्व्यर्थी शब्द टोचला. त्याच्या पाठीत बसलेली लाथ टोचली नाही.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. स्त्रीच्या देहावर केलेला विनोद मी क्षम्य मानतो असे कोणी समजू नये. फडात नाचणारी स्त्री बहुधा आपल्याच समाजांतली असे. आणि तिच्यावरचा विनोद ऐकून जो शिटी वाजवी, तो दुसऱ्या दिवशी तिच्या हातचे पाणी पीत नसे. पठ्ठे बापूराव यांनी बाबासाहेबांना चळवळीसाठी पैसे देऊ केले आणि अस्पृश्य स्त्रिया नाचवून मिळविलेले ते पैसे बाबासाहेबांनी नाकारले, अशी आठवण सांगितली जाते. त्या आठवणीचा मथितार्थ अश्लीलतेचा नाही. कोणाच्या अपमानावर कोणाची करमणूक आणि कोणाची कमाई उभी आहे, हा तो प्रश्न आहे.

जलशाने दिलेले उत्तर

मग आपल्या चळवळीने विनोदच टाकून दिला काय? नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधक जलसा उभा केला. त्याच वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे निघाले. नाशिककडील भीमराव कर्डक यांचे नाव त्यांत अग्रभागी आहे. या मंडळींनी ढोलकी ठेवली, सवाल-जवाब ठेवले, बतावणीही ठेवली. परंतु गणातील देवाची स्तुती बदलली, गौळणीतील वाट अडविणे गेले, आणि बतावणीत आपला माणूस ताठ उभा राहून भटजीला व सावकाराला प्रश्न विचारू लागला. अण्णा भाऊ साठे यांनीही लोकनाट्यात तमाशाचा सांगाडा ठेवून त्यात कामगार आणि शेतकरी बोलता केला. लोक त्या वेळीही पोट धरून हसत. हशा तोच होता, त्याची दिशा बदलली होती.

माझ्या आजोबांनी मात्र १९५६ नंतर बोर्डावर पाय ठेवला नाही. १४ ऑक्टोबरला ते नागपूरला जाऊ शकले नव्हते. पुढील वर्षी आमच्या गावी दीक्षेचा कार्यक्रम झाला. त्या दिवसापासून येसकरकी गेली, मेलेली ढोरे ओढणे गेले आणि सोंगही गेले. वही मात्र त्यांनी जाळली नाही. ती पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली.

ती पेटी त्यांनी एकदाच उघडलेली मी पाहिली. तेव्हा मी पाचवीत होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक हास्यनाटिका बसविली जात होती आणि तीत महाराचे काम मला मिळाले. "तुला शिकवावे लागणार नाही," असे नाटिका बसविणारे गृहस्थ म्हणाले आणि वर्ग हसला. मीही हसलो. काम मिळाल्याचा मला आनंदच झाला होता. घरी येऊन मी आजोबांना सांगितले. त्यांनी पेटी उघडली, वहीची ती तीन पाने काढून बराच वेळ पाहिली आणि मला विचारले, "तुला बोलाय काय दिलंय?" मी म्हणालो, "जोहार मायबाप, एवढंच." ते म्हणाले, "त्यांनी टोमणा मारल्यावर तुला उत्तराचं वाक्य हाय का?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "मग नगं."

मी ते काम केले नाही. त्या संमेलनात मी पडदा ओढण्याचे काम केले. त्या वेळी मला रागच आला होता. आजोबांनी नाटक नाकारले नव्हते, विनोद नाकारला नव्हता. उत्तराचे वाक्य नसलेले सोंग नाकारले होते, हे मला फार उशिरा उमगले.

हसू आणि कायदा

ही केवळ आपल्या गावची गोष्ट आहे असे समजू नका. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथे शिकले आणि १९४६ साली त्यांनी निग्रो समाजाचे पुढारी डुबॉईस यांना पत्र लिहिले. त्या समाजाच्या आणि आपल्या दुःखातील साम्य त्यांनी जाणले होते. त्या देशात १८३० च्या सुमारास थॉमस राईस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून, लंगडत नाचत एका काळ्या गुलामाचे सोंग आणी. त्या सोंगाचे नाव जिम क्रो. ते इतके लोकप्रिय झाले की, पुढे दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा आणि वेगळ्या पाणपोया देणारे कायदे आले, तेव्हा त्या कायद्यांनाच लोक जिम क्रोचे कायदे म्हणू लागले. आधी माणसाला हास्यास्पद केले. मग त्याला हक्क नाकारताना कोणाला संकोच वाटला नाही. बर्ट विल्यम्स हा थोर विनोदी नट स्वतः काळा होता. त्यालाही रंगमंचावर येण्यासाठी तोंडाला काळे फासावे लागे. महाराने महाराचे विडंबन करणे आणि हे, यांत मला अंतर दिसत नाही. इंग्लंडमध्ये तर बी.बी.सी.ने अशाच काळे फासलेल्या गायकांचा कार्यक्रम १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे दाखविला. त्याविरुद्ध १९६७ साली अर्ज गेला असतानाही तो आणखी अकरा वर्षे चालला. त्याच्या बचावातही निरुपद्रवी जुनी करमणूक हीच सबब होती.

'जुने आहे' या सबबीचे उत्तर भगवान बुद्धांच्या काळातही दिलेले आढळते. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या प्रमुखाची कथा आहे. राजगृहाच्या वेळुवनात तो बुद्धांकडे आला आणि म्हणाला की, जो नट खऱ्याखोट्याने लोकांना हसवितो तो मरणानंतर हसऱ्या देवांत जन्मतो, असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले आहेत. आपले मत काय? बुद्धांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितले की, लोकांत राग, द्वेष आणि मोह आधीच आहेत, आणि असा नट त्यांत भर घालतो; त्याची गती देवांत नाही. तालपुट रडू लागला. उत्तर कठोर होते म्हणून आपण रडत नाही, तर पूर्वाचार्यांनी इतका काळ आपली फसवणूक केली म्हणून रडतो, असे तो म्हणाला. त्या कथेतील परलोकाची भाषा आपण बाजूला ठेवू. तिचे सार एवढेच की, हसविण्याच्या कृतीलाही परिणाम असतो आणि पूर्वापार चालत आले आहे या सबबीने तो टळत नाही. बुद्धांनी हसण्याला दोष दिलेला नाही. लोकांतील द्वेष वाढविणाऱ्या हसविण्याला दिला आहे.

बाबासाहेबांवरील विनोद

आता आपण स्वतःकडे वळू. दुसऱ्यांना शहाणपण सांगणे सोपे असते. २०१२ साली अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एका व्यंगचित्रावरून संसदेत वादळ उठले, हे आपणांस आठवत असेल. व्यंगचित्रकार शंकर यांनी ते १९४९ साली काढले होते. संविधान गोगलगायीच्या गतीने चालले आहे, बाबासाहेब तिच्यावर बसले आहेत आणि मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत, असे ते चित्र. आपल्या समाजातील पुष्कळांच्या मनाला ते लागले. ज्याच्या आजोबाच्या पाठीवर खरा चाबूक पडला आहे, त्या मुलाला वर्गात ते चित्र पाहताना गोगलगाय आधी दिसत नाही. चाबूक आधी दिसतो. ही वेदना खोटी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्याच वेळी पुस्तकाच्या एका सल्लागाराच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयात घुसून मोडतोड करण्यात आली. ते कृत्य चूक होते, हे मी येथे स्पष्ट सांगतो. ज्यांनी आपल्याला संविधान दिले, त्यांच्या सन्मानासाठी खुर्च्या मोडणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले? विलंबाचा हा आरोप त्यांच्या हयातीतच झाला होता. संविधान सभेतील एका सभासदाने मसुदा समितीच्या इंग्रजी नावातील एक अक्षर फिरवून तिला भरकटणारी समिती ठरविले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेब उत्तराला उभे राहिले. त्यांनी इतर देशांचे हिशेब मांडले. अमेरिकेला संविधान करण्यास चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. आपल्याला लागली दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस. पण आपल्या संविधानाला ३९५ कलमे होती आणि २,४७३ दुरुस्त्या सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या होत्या. आणि त्या कोटीचे काय? तिच्यावर ते चिडले नाहीत. भरकटणे त्यांनी हसत कबूल केले आणि सांगितले की, हे भरकटणे जाणत्याचे होते. मासा कोणत्या पाण्यात आहे हे समितीला पक्के ठाऊक होते. कोटीला त्यांनी कोटीने उत्तर दिले.

वाचकहो, या दोन सभा एकमेकींशेजारी ठेवून पाहा. एक आमच्या गावची जत्रा, जेथे मागच्या रांगेतील माणसाला स्वतःच्या लाथेवर हसावे लागे. दुसरी संविधान सभा, जेथे ज्याच्यावर विनोद झाला तो उभा राहिला, बोलला आणि सभेने ऐकून घेतले. विनोद दोन्हीकडे बोचराच होता. पहिल्या ठिकाणी तो जुलूम झाला, दुसऱ्या ठिकाणी तो लोकशाहीचा भाग झाला. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे. ज्याच्यावर हसतात त्याला त्याच सभेत, त्याच आवाजात उत्तर देता येते काय? येत असेल तर विनोद कितीही बोचरा असो, त्याला जागा आहे. येत नसेल तर तो कितीही जुना आणि रंगतदार असो, त्याला जागा नाही.

कायद्याचाही आशय याहून फार निराळा नाही. अनुच्छेद १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यावर वाजवी निर्बंधही ठेवले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा ठरविला. हे शस्त्र महत्त्वाचे आहे, म्हणून ते प्रत्येक थट्टेवर उपसू नये. खऱ्या अपमानासाठी ते धारदार राहिले पाहिजे. इतर ठिकाणी आपले शस्त्र उत्तर हेच आहे.

वहीचे काय करावे?

यास्तव मी त्या तरुणांना काय सांगितले ते ऐका. राजाचा हिशेब मांडणारा हवालदार, कुलकर्ण्याच्या दप्तराची फजिती, हे सर्व मी त्यांना उतरवून दिले आहे. ते यात्रेत करा आणि जोरात करा. आजच्या राजांचे आणि आजच्या दप्तरांचे हिशेबही त्यात घाला. शेवटची तीन पाने मात्र यात्रेच्या बोर्डावर येणार नाहीत. त्या गर्दीत आपल्या वस्तीतील सहा-सात वर्षांची मुले पुढे बसलेली असतील. सर्व गाव हसू लागल्यावर त्यांनी काय करावे? तीही हसतील. मी हसलो होतो.

ती पाने मी फाडलीही नाहीत. काही बांधवांचा आग्रह होता की ती जाळावीत. मला ते मान्य नाही. ती जळाली तर उद्या कोणी म्हणेल की असे काही घडतच नव्हते, गावे प्रेमाने नांदत होती आणि तमाशात सारे आनंदाने हसत होते. ती तीन पाने आपल्या बाजूची साक्ष आहे. म्हणून वहीची पूर्ण प्रत वाचनालयात ठेवण्याचे मी ठरविले आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती बतावणी तेथे सर्वांसमोर वाचली जाईल. आलेल्या तरुणांतील सवर्ण मित्रांनाही मी बोलाविले आहे. आणि वाचन झाल्यावर जो कोणी उठून बोलू इच्छील त्याला बोलू दिले जाईल.

त्यांतील आपल्या समाजाच्या एका मुलाने काल मला विचारले, "काका, त्या बतावणीत शेवटची लाथ बसल्यानंतर आपण एक वाक्य घातले तर चालेल का?" मी त्याला म्हणालो की, वहीत नको, वही आहे तशीच राहू दे, पण वाचन संपताच तू उभा राहा आणि तुझे वाक्य बोल. तो ते लिहून आणणार आहे. आपणही त्या दिवशी यावे, अशी माझी विनंती आहे.

जयभीम.